ॲस्परॅगस: निवडणं, सोलणं, चिरणं (वाचकांचे प्रश्न)

या वेळी पत्रपेटीतले बरेच प्रश्न एकाच भाजीबद्दल होते, म्हणून ते एकत्र घेतले आहेत. ॲस्परॅगस महाग आहे आणि नाजूकही. तो बिघडतो तो बहुतेक वेळा गॅसवर नाही, त्याआधी सुरीखालीच. म्हणून मसाल्यांपेक्षा चिरण्याबद्दलच अधिक लिहिलं आहे.

प्रश्न (कोथरूड, पुणे): कोंब दोन्ही हातांनी धरून वाकवला की जून भाग जिथे संपतो तिथेच तो आपोआप मोडतो, असं सगळीकडे दाखवतात. तसं केलं तर जवळजवळ अर्धी जुडी टाकावी लागली. एवढं वाया जाणं बरोबर आहे का?

उत्तर: बरोबर नाही. कोंब कुठे मोडेल हे त्याच्या जूनपणाइतकंच तुम्ही हात कुठे धरलेत आणि किती झटक्यात वाकवलंत यावर ठरतं. हात वर सरकवलात तर तोच कोंब आणखी चार बोटं वर मोडतो. शिवाय कोवळा भाग संपून जून भाग सुरू होतो अशी ठरावीक रेघ कोंबावर नसते. खालून वर येताना धागे हळूहळू कमी होत जातात. मोडलेल्या तुकड्यात पुष्कळ खाण्याजोगा गर जातो तो यामुळेच.

सुरी वापरा. एक कोंब पाटावर आडवा ठेवा आणि धारदार सुरी बुंध्यापासून 1 सेंटीमीटर वर हलकेच दाबा. सुरी अडली, करकर आवाज आला किंवा दाबाखाली धागे चिरडले, तर अर्धा सेंटीमीटर वर सरका. जिथे सुरी काकडीत शिरावी तशी विनासायास उतरते, तिथे कापा. ताज्या जुडीत हे साधारण 2 ते 4 सेंटीमीटरवर होतं, शिळ्या जुडीत 6 सेंटीमीटरपर्यंतही जावं लागतं. एका जुडीतले कोंब बहुधा सारखेच असतात, त्यामुळे दोन-तीन कोंबांवर अंदाज घ्या, मग बाकीचे शेंडे एका रेषेत जुळवून एकाच वेळी कापले तरी चालतं. कापलेल्या तोंडाकडे एकदा बघा. ते ओलसर आणि एकसारखं हिरवट हवं. मध्ये पांढरे, कोरडे ठिपके दिसले तर आणखी थोडं वर कापा.

250 ग्रॅमच्या ताज्या जुडीतून या पद्धतीने साधारण 200 ग्रॅम भाजी हाती येते. कापलेल्या जागेच्या वरचा थोडा भाग अजून चिवट वाटला तर तो टाकू नका, सोला. कोंबाचा चिवटपणा आधी बुंध्याशी आणि सालीलगत येतो, आतला गर बराच वेळ कोवळा राहतो.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): इथे कधी पेन्सिलीएवढे बारीक तर कधी अंगठ्याएवढे जाड कोंब मिळतात. बारीक म्हणजे कोवळे असं समजून तेच घेत आले आहे. जाड कोंब जून असतात ना?

उत्तर: नाही. गवार, भेंडी, पडवळ यांना हा हिशोब लागू पडतो, कारण ती फळं आहेत आणि वाढता वाढता जून होतात. ॲस्परॅगसचा कोंब जमिनीतून वर येतो तेव्हाच त्याची जाडी बरीचशी ठरलेली असते. जमिनीखालचा गड्डा जोमदार असेल तर कोंब जाड येतो, गड्डा लहान किंवा थकलेला असेल तर बारीक. तुमच्याच राज्यातल्या रटगर्स विद्यापीठाने तयार केलेले जर्सी जायंट, जर्सी नाइट हे वाण नर झाडांचे आहेत. त्यांची शक्ती फळं आणि बिया धरण्यात जात नाही, म्हणून त्यांना कोंब जास्त येतात.

बारीक कोंबात उलट गराच्या मानाने साल जास्त येते, आणि धागे सालीजवळच असतात. जाड कोंब सोलून घेतला तर त्यात गर भरपूर मिळतो. आमचं मत विचाराल तर सोलायची तयारी असेल तेव्हा जाडच घ्या. झटपट परतून खायचे असतील तेव्हा पेन्सिलीएवढे बरे.

सोलायचं कुठपर्यंत? कोंब पेन्सिलीपेक्षा बारीक असेल तर मुळीच नको. 1 सेंटीमीटर जाडीचा असेल तर खालचा एक तृतीयांश, दीड सेंटीमीटरच्या वर असेल तर खालचा निम्मा. कोंब हातात अधांतरी धरून सोललात तर तो मधेच मोडतो. पाटावर आडवा ठेवा, शेंड्याकडचा भाग बोटांनी हलकेच दाबून धरा आणि सोलाणं शेंड्याकडून बुंध्याकडे ओढा. प्रत्येक पट्टीनंतर कोंब थोडा फिरवा. साल पातळ निघाली पाहिजे. गडद हिरवा रंग जाऊन फिकट, चमकदार गर दिसला की थांबा.

दुकानात जाडीपेक्षा शेंडा बघा. तो मिटलेला आणि टणक हवा. खवले उलगडून फुलू लागले असतील तर कोंब तोडायला उशीर झालाय किंवा तो ऊबेत पडून राहिलाय. हिवाळ्यात तुमच्याकडे येणारा माल बहुतांश पेरू आणि मेक्सिकोहून आलेला असतो, तेव्हा बुंधा जास्त कापावा लागेल हे धरूनच थोडा जास्त घ्या. एप्रिल ते जूनमधल्या स्थानिक जुडीला तेवढं कापावं लागत नाही.

प्रश्न (ठाणे): दोनदा धुऊनही खाताना कचकच लागते. आणि फ्रीजमध्ये दोन दिवसांत शेंडे चिकट होतात. काय चुकतंय?

उत्तर: वाळू शेंड्याच्या खवल्यांच्या आत असते, वाहत्या नळाखाली ती निघत नाही. खोलगट भांड्यात गार पाणी घ्या, कोंब शेंडे खाली करून त्यात बुडवा, 5 मिनिटं ठेवा आणि मग बुंध्याकडे धरून पाण्यात हिसळा. कोंब वर उचलून घ्या आणि पाणी नंतर ओता. भांडं चाळणीत उपडं केलंत तर तळाला बसलेली वाळू पुन्हा कोंबांवरच येते. पालेभाजीचंही हेच. देठावर जे तिकोनी खवले असतात त्यांच्याखालीही रेती अडकते. जाड कोंबांचे खालचे खवले सुरीच्या टोकाने उचलून काढून टाका. बारीक कोंबांना त्याची गरज नाही.

चिकटपणाचं कारण म्हणजे धुऊन ओले ठेवलेले शेंडे. तिथे पाणी साचतं आणि जंतू गर कुजवतात. म्हणून ठेवताना धुवायचेच नाहीत. आणल्याबरोबर रबर काढा, कारण घट्ट रबराखाली कोंब चेपतात आणि तिथूनच कुजायला लागतात. बुंधे अर्धा सेंटीमीटर कापा, उंच पेल्यात 2-3 सेंटीमीटर पाण्यात फुलांसारखे उभे ठेवा, वरून पिशवी सैल पांघरा आणि फ्रीजमध्ये ठेवा. दाराच्या कप्प्यात नको, तिथे तापमान सारखं बदलतं. पाणी रोज बदला. असे 3-4 दिवस चांगले राहतात. जागा नसेल तर बुंध्यांना ओलं फडकं गुंडाळा, शेंडे कोरडे राहू द्या.

फार दिवस ठेवण्यात मात्र अर्थ नाही. ॲस्परॅगस तोडल्यावरही वेगाने श्वसन करत राहतो, आपल्यातली साखर वापरत जातो आणि बुंध्याकडून लाकडासारखा होत जातो. ओट्यावर ऊबेत विसरलेली जुडी एका दिवसात बरंच गमावते. शेंडा चिकट झाला असेल, वास येत असेल, पण देठ टणक असेल तर शेंड्याखालचे दोन-तीन सेंटीमीटरही कापून टाका आणि उरलेला देठ त्याच दिवशी वापरा. चिकटपणा देठापर्यंत उतरला असेल तर सगळाच टाका.

प्रश्न (म्युनिक, जर्मनी): इथे वसंतात सगळे पांढऱ्या ॲस्परॅगसवर तुटून पडतात. मी हिरव्यासारखाच करायला गेले, तर नुसता चोथा तोंडात राहिला आणि कडूही लागला. तो वेगळा प्रकार आहे का?

उत्तर: झाड तेच, लागवड वेगळी. वाफ्यावर मातीचा उंच वरंबा चढवतात, कोंब मातीच्या आतच वाढतो, त्याला उजेड मिळत नाही आणि हिरवेपणा येत नाही. शेंडा माती फोडायच्या बेतात असताना आत हात घालून तो कापतात. त्याची साल हिरव्यापेक्षा पुष्कळच चिवट असते, आणि कडवटपणा साल आणि बुंधा इथे जास्त असतो. त्यामुळे पांढरा ॲस्परॅगस सोलण्यात कसर करून चालत नाही.

शेंड्याच्या 2-3 सेंटीमीटर खालून सुरुवात करा आणि थेट बुंध्यापर्यंत चहूबाजूंनी सोला. खालच्या अर्ध्यावरून सोलाणं दुसऱ्यांदा फिरवा. मग कोंब उजेडाकडे धरून फिरवून बघा. न सोललेली पट्टी चकाकते, सोललेला भाग मंद दिसतो. एक पट्टी जरी राहिली तरी तोच चोथा तोंडात येतो. बुंध्याचे 2-3 सेंटीमीटर कापा. कापून आणि सोलून साधारण पाव ते एक तृतीयांश वजन जातं, म्हणून मुख्य जेवण तेच असेल तर तिकडे माणशी अर्धा किलोपर्यंत घेतात.

साली फेकू नका. 2 लीटर पाण्यात साली 15 मिनिटं मंद उकळा आणि गाळून घ्या. बुंधे मात्र यात घालू नका, कडवटपणा उतरेल. या पाण्यात 2 छोटे चमचे मीठ, 1 छोटा चमचा साखर, 1 मोठा चमचा लोणी आणि लिंबाची एक चकती घाला. यात 1 किलो कोंब अलगद सोडा आणि खदखदू न देता शिजवा. दीड-दोन सेंटीमीटर जाडीला 12 ते 15 मिनिटं लागतात. काट्याने कोंब मधोमध उचलला की दोन्ही टोकं किंचित झुकली पाहिजेत. ताठ राहिला तर कच्चा, दुमडून मोडायला लागला तर जास्त झाला. पांढऱ्या ॲस्परॅगसला अर्धकच्चा ठेवून चव येत नाही, हा त्याचा हिरव्याशी मोठा फरक.

विकत घेताना दोन कोंब एकमेकांवर घासून बघा. ताजे असतील तर चिर्र आवाज येतो, आणि कापलेल्या टोकाला नख दाबलं तर रस येतो. घरी ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. आणि हौस 24 जूनच्या आत भागवून घ्या. त्या दिवशी जर्मनीत तोडणी थांबवायची रीत आहे, म्हणजे पुढचे कोंब वाढून पालवतात आणि गड्ड्यात पुढच्या वर्षीची शिदोरी भरते.

प्रश्न (कोल्हापूर): मोहरी-हिंगाच्या फोडणीवर परतून, झाकण ठेवून वाफवला. शेंड्यांचा लगदा, देठ कच्चे, आणि सगळ्याचा रंग शेवाळी. आपल्या पद्धतीने होतच नाही का?

उत्तर: उत्तम होतो. यात तीन चुका आहेत, त्यातली पहिली चिरण्यातली.

शेंडा आणि देठ या शिजण्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या भाज्या आहेत. शेंड्याला देठाच्या निम्मा वेळ पुरतो. म्हणून वरचा 4-5 सेंटीमीटरचा शेंडा आधी वेगळा काढून ठेवा. शेंडा जाड असेल तर उभा दुभागा. देठाचे तिरपे तुकडे करा. सुरी कोंबाला काटकोनात न धरता तिरकी धरा, तुकडा 3 सेंटीमीटर लांब. तिरपं चिरल्याने गराचं तोंड मोठं उघडतं, मीठ-फोडणी आत शिरते आणि लांब धागे आखूड होतात. बुंध्याकडचे तुकडे जाड असतात, तेव्हा खाली येताना तुकड्याची लांबी कमी करत जा, सगळ्यात खालच्या भागाच्या अर्ध्या सेंटीमीटरच्या चकत्या करा. म्हणजे देठ एका वेळी शिजतो.

दुसरी चूक पाण्याची. चिरण्याआधी कोंब फडक्यावर पुसून कोरडे करा. ओली भाजी कढईत परतली जात नाही, नुसती उकडते. 250 ग्रॅमला 1 मोठा चमचा तेल, अर्धा छोटा चमचा मोहरी, चिमूटभर हिंग, 2 हिरव्या मिरच्या. आच मोठी. आधी देठ 3 मिनिटं, मग शेंडे टाकून आणखी दीड-दोन मिनिटं. मीठ उतरवताना, कारण आधी घातलं तर भाजीला पाणी सुटतं. वरून 2 मोठे चमचे ओलं खोबरं. कढई पसरट हवी. अर्धा किलो असेल तर दोन हप्त्यांत करा.

तिसरी चूक झाकणाची. शिजताना भाजीतली आंबट द्रव्यं मोकळी होतात. उघड्या भांड्यात त्यांतली काही वाफेबरोबर उडून जातात, झाकणाखाली तिथेच राहतात आणि हिरव्या रंगाचा शेवाळी करतात. लिंबू, चिंच, कोकम, दही यांचंही तेच, म्हणून आंबट घालायचं ते ताटात वाढताना. (पांढऱ्याच्या पाण्यात लिंबू चालतं, कारण तिथे बिघडायला हिरवा रंगच नाही.) रंग राखायला खायचा सोडा घालू नका. रंग राहतो, पण भाजी गिळगिळीत होते आणि जीवनसत्त्वंही जातात.

पीठ पेरून करायची असेल तर वाफ लागतेच. तेव्हा सगळ्या देठाच्या पातळ चकत्या करा, बेसन आधी कोरडं भाजून घ्या आणि झाकण 2 मिनिटांपुरतंच ठेवा. शेंडे झाकण काढल्यावर.

उकडून घ्यायचा असेल तर 2 लीटर पाण्याला 20 ग्रॅम मीठ, म्हणजे 4 सपाट छोटे चमचे. पाणी सळसळून उकळलं की भाजी टाका. पेन्सिलीपेक्षा बारीक कोंबाला 1 मिनिट, 1 सेंटीमीटरला 2, दीड सेंटीमीटरला 3 ते 4. लगेच बर्फाच्या पाण्यात काढा, नाहीतर आतल्या उष्णतेने शिजणं चालूच राहतं. गार झाल्याबरोबर निथळा. पाण्यात मुरत ठेवलात तर चव पाण्यात जाते.

कोवळा, जाड कोंब कच्चाही खाता येतो. यासाठी बुंधा कापू नका, तोच मूठ म्हणून धरा. कोंब पाटावर आडवा ठेवून सोलाण्याने शेंड्याकडे लांब फिती काढा आणि हातात उरलेला बुंधा शेवटी टाका. फिती 5 मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवल्या की कुरकुरीत होऊन वळतात. पुसून घेऊन दाण्याचं कूट, मीठ, लिंबू घातलं की छान कोशिंबीर होते. लिंबू अगदी खायच्या वेळी.

प्रश्न (नाशिक): लोखंडी कढईत केला तर काळपट झाला. कढई खराब आहे का? विळीवर चिरल्यानेही असं होतं का?

उत्तर: कढई चांगली आहे. ॲस्परॅगसमध्ये रुटिन नावाचं द्रव्य असतं, त्याचा लोखंडाशी संयोग झाला की गडद रंग येतो. आंबट असेल किंवा भाजी कढईतच राहिली तर जास्त. खाण्याला अपाय नाही. स्टीलच्या किंवा नॉनस्टिक पॅनमध्ये करा, किंवा लोखंडीत झटपट परतून लगेच काढून घ्या. विळीचा स्पर्श क्षणभराचा असतो, त्याने काही होत नाही. फक्त पातं कोरडं आणि धारदार हवं. बोथट पात्याने धागे कापले न जाता ओढले जातात आणि शेंड्याचे खवले सुटतात.

प्रश्न (चिपळूण): ॲस्परॅगस म्हणजेच शतावरी असं ऐकलं. मग आमच्या रानातल्या शतावरीचे कोंब असेच वापरता येतील?

उत्तर: दोघी एकाच कुळातल्या बहिणी, पण झाडं वेगळी. बाजारातला ॲस्परॅगस म्हणजे ॲस्परॅगस ऑफिसिनॅलिस, आपली शतावरी म्हणजे ॲस्परॅगस रेसिमोसस. ही काटेरी वेल, आणि औषधात वापरतात ती तिची मुळं. पावसाळ्याच्या सुरुवातीला फुटणाऱ्या तिच्या कोवळ्या कोंबांची रानभाजी सह्याद्रीच्या पट्ट्यात करतात. हे कोंब बारीक आणि चवीला किंचित कडसर असतात. वरचा जो भाग नखाने सहज खुडता येतो तेवढाच घ्या. काटा धरायला लागला असेल तर तो कोंब सोडा. बारीक चिरून, उकडून, ते पाणी फेकून देऊन, कांद्यावर परतायची. ओळख पक्की असलेल्या माणसाने खुडून दिली असेल तरच करा. कुंडीतलं शोभेचं ॲस्परॅगस फर्न स्वयंपाकात आणू नका, आणि या कुळातल्या झाडांची लाल फळं तर मुळीच खायची नाहीत.

प्रश्न (कल्याण): कापलेल्या बुंध्यांचं काही करता येतं का? आणि जास्तीचा ॲस्परॅगस साठवायचा कसा?

उत्तर: हिरव्या कोंबांचे बुंधे स्वच्छ धुऊन पातळ चिरा. 200 ग्रॅम बुंध्यांना 1 लीटर पाणी, अर्धा कांदा, 4 मिरीदाणे, 20 ते 25 मिनिटं मंद आच. गाळून घेतलेलं पाणी सूपला वापरा. बुंधे मिक्सरमधून काढून सूपमध्ये तसेच घालू नका. पातं धागे तोडतं, पण ते घशाला लागतातच. वाटलंत तर बारीक चाळणीतून गाळा आणि चोथा टाका.

साठवायला फ्रीझर. आधी निवडून, 4 सेंटीमीटरचे तुकडे करून उकळत्या पाण्यातून काढा: बारीक 2 मिनिटं, मध्यम 3, जाड 4. तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात. फडक्यावर पूर्ण कोरडे करा, ताटात एकमेकांना न चिकटतील असे पसरून गोठवा आणि मग पिशवीत भरून हवा काढा. न उकळता गोठवले तर महिन्याभरात रंग आणि चव दोन्ही उतरतात. वापरताना वितळू देऊ नका, गोठलेलेच गरम कढईत किंवा सूपमध्ये टाका. वितळलेला ॲस्परॅगस मऊ पडतो, त्यामुळे परतून करायच्या भाजीला तो उपयोगाचा नाही.

बरणीत नुसत्या मिठाच्या पाण्यात किंवा तेलात भरून बाहेर ठेवू नका. ही आंबट भाजी नाही. हवाबंद बरणीत बोट्युलिझमचे जिवाणू वाढू शकतात आणि त्यांचं विष वासावरून ओळखू येत नाही.

प्रश्न (सोलापूर): खाल्ल्यावर लघवीला विचित्र वास येतो. भाजी खराब होती का?

उत्तर: नाही. ॲस्परॅगसमधल्या गंधकयुक्त आम्लाचं पचन होताना उडून जाणारे गंधकाचे पदार्थ तयार होतात, त्यांचा तो वास. काही तासांत जातो आणि त्याने अपाय होत नाही. घरात एकालाच वास आला आणि बाकीच्यांना नाही, असंही होतं. हा वास सगळ्यांना ओळखता येत नाही.